एका जोडतारेवर बारा उपकरणं: फौंड्रीतल्या मॉडबसची पहिली जोडणी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या फौंड्रीत पॅनेलचं दार उघडलं, तर आत डिजिटल एनर्जी मीटर, टेंपरेचर कंट्रोलर आणि डस्ट कलेक्टरच्या ब्लोअरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) हमखास दिसतो. यातल्या बहुतेकांच्या मागे दोन-तीन टर्मिनल रिकामी असतात. तिथे 'आरएस-४८५', 'डी प्लस, डी मायनस' किंवा नुसतं 'ए, बी' लिहिलेलं असतं. पैसे देऊन घेतलेली सोय, पण वापरात नाही. शिफ्टचा माणूस मात्र वही घेऊन तासातासाला रीडिंग उतरवत फिरतो. ही टर्मिनलं एका तारेत गुंफून सगळी उपकरणं एका कॉम्प्युटरवर किंवा पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवर) कशी आणायची, हे इथे पायरीपायरीने दिलं आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून मेंटेनन्सला नव्याने लागलेल्यांना यातलं काहीच आधी माहीत नाही, असं धरलं आहे.

उदाहरणाला आठ एनर्जी मीटर, हीट ट्रीटमेंट भट्टीचे तीन टेंपरेचर कंट्रोलर आणि एक ड्राइव्ह घेऊ. एकूण बारा.

तारेवर बोलतं कोण

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएस-४८५ म्हणजे वीज: दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून शून्य की एक हे ठरतं. मॉडबस म्हणजे त्या तारेवर बोलायचे नियम. मॉडिकॉन कंपनीने ते १९७९ मध्ये आपल्या पीएलसीसाठी काढले, आणि आज बाजारातल्या जवळपास प्रत्येक मीटरला ते येतात.

नियम कडक आहे. तारेवर मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा कॉम्प्युटर किंवा पीएलसी, एकच. तो एका उपकरणाचा ॲड्रेस, म्हणजे त्याला दिलेला नंबर, घेऊन प्रश्न विचारतो. प्रश्न सगळ्यांना ऐकू जातो, पण ज्याचा ॲड्रेस घेतला तेवढंच उपकरण उत्तर देतं, बाकीची गप्प राहतात. विचारल्याशिवाय कोणीही बोलत नाही, अलार्म आला तरी नाही. म्हणून भट्टीचं तापमान हाताबाहेर गेल्यावर हीटर तोडायचा असेल, तर ते काम कंट्रोलरच्या अलार्म रिलेने थेट कॉन्टॅक्टरवरच करायचं. मॉडबसच्या भरवशावर सोडायचं नाही.

पायरी पहिली: ॲड्रेस टेबलावर द्या, पॅनेलमध्ये नाही

नवीन माणूस सगळं एकदम जोडतो आणि मग बिघाड शोधत बसतो. बारापैकी एखाद्याची तार उलटी असेल तर ते उत्तर देत नाही, कधी बाकीच्यांनाही त्रास देतं, आणि नेमका दोष कशात ते पटकन कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक उपकरण टेबलावर एकटं बोलकं करून घ्या.

त्यासाठी एक यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लागतो. तो आयसोलेटेडच घ्या, म्हणजे ज्याच्या दोन बाजू विजेने एकमेकींना जोडलेल्या नसतात असा. इंडक्शन फर्नेस असलेल्या शेडमध्ये बिनआयसोलेशनचा कन्व्हर्टर वापरला तर एखाद्या दिवशी त्याच्यासकट लॅपटॉपचा पोर्ट जातो. सॉफ्टवेअर म्हणून क्यूमॉडमास्टर चालेल, ते मोफत आहे.

एक उपकरण घ्या, त्याला सप्लाय द्या आणि समोरच्या बटणांनी मेनूत जाऊन चार गोष्टी लावा: ॲड्रेस (काही कंपन्या त्याला स्लेव्ह आयडी किंवा युनिट नंबर म्हणतात), बॉड रेट (बोलायचा स्पीड), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (प्रत्येक अक्षराचा शेवट दाखवणारा). ॲड्रेस सोडून बाकी तिन्ही गोष्टी सगळ्या उपकरणांत आणि मास्टरमध्ये एकसारख्या हव्यात. पहिल्या जोडणीला ९६००, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ हे ठेवा. मॉडबसच्या अधिकृत नियमात मूळ सेटिंग १९२०० आणि इव्हन पॅरिटी आहे, पण आपल्याकडे मिळणारे बरेच मीटर ९६०० वरच येतात.

ॲड्रेस १ ते २४७ मधला कुठलाही चालतो. शून्य सगळ्यांना एकदम हुकूम देण्यासाठी राखलेला आहे, त्यावर कोणी उत्तर देत नाही. २४८ ते २५५ वापरायचे नाहीत. आता एक गोष्ट पाळाच: ॲड्रेस १ कुणालाही देऊ नका. कारखान्यातून आलेलं बहुतेक उपकरण १ वर असतं. उद्या एखादा मीटर जळाला आणि रात्रपाळीच्या वायरमनने नवा मीटर खोक्यातून काढून थेट लावला, तर १ रिकामा असल्यामुळे तो कोणाशी भांडणार नाही, फक्त जुन्या ॲड्रेसवर उत्तर येणार नाही. १ आधीच दिलेला असेल, तर दोन उपकरणं एकदम बोलू लागतील आणि चालू असलेलंही बंद पडेल.

आपल्या उदाहरणात मीटरना ११ ते १८, कंट्रोलरना २१ ते २३ आणि ड्राइव्हला ३१ देऊ. मध्ये मोकळे आकडे राहिले की नंतर वाढवता येतं. सेटिंग सेव्ह करून सप्लाय एकदा बंद-चालू करा, कारण कित्येक उपकरणं नवा ॲड्रेस त्यानंतरच धरतात. सॉफ्टवेअरमधून एक रजिस्टर (उपकरणातला आकडा साठवायचा कप्पा) वाचून बघा आणि उत्तर आलं की ॲड्रेसचा स्टिकर समोर आणि मागे टर्मिनलजवळ असा दोन्हीकडे लावा. तार जोडणारा माणूस समोरून बघत नसतो.

पायरी दुसरी: तार

केबल ट्विस्टेड पेअर, वरून शील्ड असलेली, ०.५ चौरस मिलीमीटरची. पीळ घातलेल्या दोन तारांवर बाहेरचा गोंधळ सारखाच बसतो आणि रिसीव्हर फक्त दोघांतला फरक बघत असल्यामुळे तो कटून जातो. साधी दोन-कोर वायर १० मीटरच्या पॅनेलमध्ये चालून जाते, पण इंडक्शन फर्नेसच्या शेजारून ती नेली की फर्नेस चालू झाल्याबरोबर रीडिंग तुटायला लागतं.

जोडणी साखळीसारखी: मास्टरपासून पहिल्या उपकरणाला, तिथून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला. मधल्या जंक्शन बॉक्समधून चार दिशांना फांद्या काढायच्या नाहीत. फांदीच्या टोकाला सिग्नल आपटून परत येतो आणि लांब लाइनवर बिट बिघडवतो. प्रत्येक टर्मिनलवर येणारी आणि जाणारी अशा दोन तारा येतील. त्या जुळ्या फेरूलमध्ये (तारांच्या टोकांवर दाबायच्या धातूच्या नळीत) एकत्र दाबा. मग उद्या मीटर काढला तरी दोन तारा एकमेकींना धरून राहतात आणि पुढची लाइन जिवंत राहते. दोन्ही तारा सुट्ट्या खुपसल्या, तर एक मीटर उतरवला की पुढचे सगळे गेले.

आरएस-४८५ वर मूळ हिशेबाने ३२ उपकरणं बसतात, आणि ९६०० वर केबल १२०० मीटरपर्यंत जाते. आपल्या बाराला याची अडचण नाही. पॉवर केबलपासून किमान एक फूट अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकू नका, सगळ्यात जास्त गोंधळ तीच करते. शील्ड सगळीकडे अखंड जोडत न्या, पण अर्थिंग एकाच ठिकाणी, मास्टरच्या पॅनेलमध्ये करा. ज्या उपकरणांना तिसरं 'कॉमन' टर्मिनल आहे, त्यांचं कॉमनही वेगळ्या तारेने एकत्र जोडा. उपकरणांच्या शून्यांमधला फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेर गेला की आतली चिप चुकते किंवा मरते.

'ए' आणि 'बी' या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा ए म्हणजे प्लस, दुसरीचा ए म्हणजे मायनस. प्लस-मायनस लिहिलं असेल तर त्याप्रमाणे जोडा. नुसतं ए-बी असेल आणि टेबलावर उत्तर आलं नाही, तर तारा अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

सिग्नल टोकाला आपटून परत येऊ नये म्हणून साखळीच्या दोन टोकांना, फक्त दोनच टोकांना, १२० ओमचा रेझिस्टर दोन तारांमध्ये लावतात. मात्र हे रेझिस्टर लावले की कोणी बोलत नसताना लाइनचं व्होल्टेज शून्याला येऊन टेकतं, आणि रिसीव्हरला त्यात भलतेच बिट दिसायला लागतात. म्हणून एका ठिकाणी, शक्यतो मास्टरजवळ, प्लस तार ५६० ओममधून ५ व्होल्टला आणि मायनस तार ५६० ओममधून शून्याला ओढून ठेवायची. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये यासाठी छोटे स्विच असतात. ९६०० वर शंभरेक मीटरच्या लाइनला दोन्ही नसले तरी सहसा निभावतं, पण टोकाचे रेझिस्टर आहेत आणि ओढ नाही ही अवस्था सगळ्यात वाईट.

आता मल्टिमीटर घ्या. सगळ्यांचा सप्लाय बंद करून दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. ५५ ते ६० ओम आला तर टोकं बरोबर आहेत. १२० च्या आसपास आला तर एक टोक लागलेलं नाही किंवा मध्ये तार तुटली आहे. ४० आला तर मधल्या कुठल्यातरी उपकरणातला रेझिस्टर चालू राहिला आहे. मग सप्लाय द्या, मास्टर गप्प ठेवा आणि डीसी व्होल्ट मोजा: प्लस तार मायनसपेक्षा ०.२ व्होल्टहून जास्त वर हवी. वरच्या आकड्यांनी पाव व्होल्टच्या आसपास येईल. उणे आलं तर कुठेतरी तारा उलट्या आहेत. या दोन मोजण्यांना पाच मिनिटं लागतात, आणि ती टाळली तर पुढे सॉफ्टवेअरला दोष देत दिवस जातो.

पायरी तिसरी: पहिला प्रश्न

भट्टीचा कंट्रोलर २१ वर आहे आणि तापमान त्याच्या पहिल्या रजिस्टरमध्ये आहे असं धरू. मास्टर तारेवर आठ बाइट टाकतो (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा). दशमान आकड्यांत पहिले सहा असे:

२१, ३, ०, ०, ०, १

२१ म्हणजे कोणाला विचारलं. ३ हा फंक्शनचा नंबर, म्हणजे काय हवं: होल्डिंग रजिस्टर (वाचता आणि लिहिता येणारं) वाचायचं आहे. पुढचे दोन शून्य म्हणजे सुरुवात शून्याव्या जागेपासून, आणि ०, १ म्हणजे एकच रजिस्टर. शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, म्हणजे वाटेत काही बिघडलं का ते तपासायची खूण. ती सॉफ्टवेअर स्वतः काढतं.

कंट्रोलरचं उत्तर सात बाइटचं, सीआरसी सोडून असं:

२१, ३, २, ३३, २३२

'मी २१, ३ चं उत्तर देतोय, पुढे २ बाइट आहेत.' ते दोन म्हणजे ३३ आणि २३२. ३३ गुणिले २५६ अधिक २३२, बरोबर ८६८०. कंट्रोलरचा दशांश एका घरावर आहे, म्हणजे तापमान ८६८.० अंश. तारेवरून दशांश चिन्ह जात नाही, ते तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये द्यायचं असतं. म्हणून भट्टीवाल्याने सोयीसाठी कंट्रोलरचा दशांश काढून टाकला, तर तारेवर ८६८ येतं आणि कॉम्प्युटरवर ८६.८ दिसतं. भट्टी लाल आणि स्क्रीन थंड दिसली की आधी हे तपासा.

९६०० वर एका बाइटला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे प्रश्न-उत्तर मिळून तारेवर सोळाएक मिलिसेकंद, वर उपकरणाचा विचार करायचा वेळ. बारा उपकरणांची एक फेरी सेकंदाच्या आत होते. पण टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) १ सेकंद आणि तीनदा प्रयत्न असं ठेवलं असेल आणि एकच मीटर बंद असेल, तर प्रत्येक फेरीत तीन सेकंद त्याच्या दारात जातात. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणा आणि दोन प्रयत्न ठेवा.

रजिस्टरचा नकाशा वाचताना

प्रत्येक उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या रजिस्टरला काय आहे त्याचं कोष्टक असतं. नव्या माणसाचा अर्धा वेळ तिथे जातो, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला घोळ एकाचा. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलं असेल तर त्यातला ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर (३ नंबरच्या फंक्शनने वाचायचं), आणि ०००१ म्हणजे पहिलं, जे तारेवर शून्य म्हणून जातं. ३०००१ असेल तर इनपुट रजिस्टर (फक्त वाचता येणारं), फंक्शन ४. काही मॅन्युअल थेट तारेवरचा आकडा देतात, काही सॉफ्टवेअर एक स्वतः वजा करतात. व्होल्टेजच्या जागी करंट आला किंवा सगळं एक घर सरकल्यासारखं दिसलं, तर एक मिळवून किंवा वजा करून बघा.

दुसरा घोळ उणे आकड्यांचा. एक रजिस्टर ० ते ६५५३५ एवढंच धरतं. उणे ५ हे ६५५३१ म्हणून येतं. सॉफ्टवेअरला 'साइन्ड' (उणे-अधिक चिन्हासह) सांगितलं की दुरुस्त होतं.

तिसरा घोळ एनर्जी मीटरचा, आणि तो सगळ्यांना गाठतो. व्होल्टेज, करंट, युनिट हे बहुतेक मीटर दोन रजिस्टर मिळून एका फ्लोट (दशांशासह येणाऱ्या) आकड्यात देतात. २३०.० व्होल्ट म्हणजे १७२५४ आणि ० अशी जोडी. काही कंपन्या ती उलटी पाठवतात: आधी ०, मग १७२५४. सॉफ्टवेअरने चुकीच्या क्रमाने जोडली तर २३० च्या जागी शून्याला चिकटलेला आकडा दिसतो, आणि व्होल्टेज थोडं हललं की मध्येच अब्जांतला वेडावाकडा आकडा उठतो. मीटर खराब नाही. 'वर्ड स्वॅप', म्हणजे दोन रजिस्टरांचा क्रम उलटा करायचं सेटिंग, बदला. समोरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळेपर्यंत पुढच्या मीटरला हात लावू नका.

पायरी चौथी: हुकूम देणं

फंक्शन ६ एक रजिस्टर लिहितं, १६ एकदम अनेक. भट्टीचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) ८८० करायचा तर ६ ने ८८०० लिहायचं. उपकरण तोच संदेश जसाच्या तसा परत पाठवतं. एवढ्यावर समाधान मानू नका: काही कंट्रोलर मर्यादेबाहेरचा आकडा निमूटपणे घेतात आणि आत कमाल मर्यादेवर थांबवतात. लिहिल्यानंतर ३ ने तेच रजिस्टर परत वाचून ताडून बघा.

सेटपॉइंट बहुधा इईप्रॉममध्ये (वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत) साठतो आणि तिला साधारण १ लाख वेळा लिहिण्याचं आयुष्य असतं. पीएलसीत कोणी सेटपॉइंट दर सेकंदाला लिहीत बसणारा प्रोग्राम टाकला, तर १ लाख सेकंद म्हणजे २८ तासांत ते आयुष्य संपतं आणि चांगला कंट्रोलर सेटिंग विसरायला लागतो. आकडा बदलला तरच लिहा. तापमान हळूहळू चढवायचं असेल तर कंट्रोलरमधलाच रॅम्प वापरा.

ड्राइव्हला आधी पॅनेलवरून 'कमांड कम्युनिकेशनवरून' आणि 'फ्रीक्वेन्सी कम्युनिकेशनवरून' अशी दोन सेटिंगं द्यावी लागतात. त्याशिवाय तो वाचू देतो पण ऐकत नाही. तिसरं सेटिंग विसरू नका: संपर्क तुटल्यावर काय करायचं. ते बंद असेल तर तार तुटल्यावर ब्लोअर शेवटच्या हुकुमावर फिरत राहतो आणि स्क्रीनवरचं स्टॉप बटण निरुपयोगी होतं. दोन-तीन सेकंदांत ट्रिप असं लावा. इमर्जन्सी स्टॉप मात्र नेहमी स्वतंत्र तारेनेच.

काय बिघडतं आणि का

उपकरणाने ३ च्या जागी १३१ असं उत्तर दिलं, म्हणजे ३ मध्ये १२८ मिळवून, तर ती तक्रार आहे, आणि आनंदाची गोष्टही: तार, स्पीड, ॲड्रेस सगळं बरोबर आहे. पुढचा बाइट कारण सांगतो. १ म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, २ म्हणजे असं रजिस्टर नाही, ३ म्हणजे आकडा किंवा संख्या चालत नाही.

टाइमआउट म्हणजे उत्तरच नाही. एकाच उपकरणाचा असेल तर त्याचा ॲड्रेस, स्पीड, पॅरिटी आणि तारांची दिशा बघा. एका जागेपासून पुढच्या सगळ्यांचा असेल तर साखळी तिथेच तुटली आहे. सगळ्यांचाच असेल तर कन्व्हर्टर, पोर्ट नंबर, किंवा लाइन धरून बसलेलं एखादं मेलेलं उपकरण. साखळी मधोमध तोडून अर्धी-अर्धी तपासा.

सीआरसी एरर म्हणजे काहीतरी येतंय पण फाटकं. एकाच ॲड्रेसवर सतत येत असेल तर तो ॲड्रेस दोघांना दिला आहे. फर्नेस किंवा ड्राइव्ह चालू झाल्यावरच येत असेल तर शील्ड, अर्थिंग आणि केबलची वाट बघा. पावसाळ्यात सकाळी येऊन दुपारी जात असेल, तर पॅनेल उघडून टर्मिनल बघा: मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची पूड असते, ती टर्मिनलवर बसते आणि आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत तिच्यातून वीज झिरपते. ब्रशने साफ करा, केबल ग्लँड घट्ट करा.

दोन शेडमध्ये उघड्यावरून नेलेली लाइन वळवाच्या विजांत जाते. वीज लाइनवर पडायची गरज नसते, जवळ पडली तरी दोन शेडच्या अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक येतो आणि दोन्हीकडच्या चिप जातात. तिथे मध्ये आयसोलेटेड रिपीटर आणि सर्ज प्रोटेक्टर घाला, किंवा तेवढा टप्पा फायबरवर न्या.

मीटर बदलताना

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: ॲड्रेस, उपकरण, मॉडेल, स्पीड, सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) रेशो, वर्ड स्वॅप आहे की नाही. एनर्जी मीटर उतरवायच्या आधी सीटीची टर्मिनलं शॉर्टिंग लिंकने शॉर्ट करा. चालू लोडवर सीटीचं सेकंडरी उघडं पडलं तर तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं, आणि कम्युनिकेशनची तार सोडायला गेलेला माणूस नेमका तिथेच हात घालतो. नवा मीटर टेबलावर लावून कागदावरचा ॲड्रेस, स्पीड आणि सीटी रेशो द्या, सप्लाय बंद-चालू करून एक रीडिंग घ्या आणि मगच पॅनेलमध्ये बसवा. लिंक सर्वांत शेवटी काढा.